विश्लेषण : न्यायालयात ‘एआय’ने काय करावे आणि काय करू नये?

अपील दाखल करून घेण्याची परवानगी देताना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात ‘लीव्ह ग्रँटेड’ एवढे दोनच शब्द असतात. भाषांतर करणाऱ्या यंत्राने त्याचे हिंदीत ‘छुट्टी स्वीकार’ असे करून टाकले होते. हा किस्सा न्यायवर्तुळात हसत हसत सांगितला जातो. ज्याची जमीन त्या अपिलावर अवलंबून आहे आणि ज्याच्या हातात फक्त भाषांतरित कागद आहे, त्याला मात्र यात हसण्यासारखे काही नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजेच एआय, देशातील न्यायालयांत येऊन पोहोचली आहे. ती येऊ द्यावी की नाही, हा प्रश्न आता मागे पडला. तिच्यावर कोणते काम सोपवायचे आणि चूक झाली तर जाब कोणी द्यायचा, हे ठरवणे बाकी आहे.

न्यायालयांत एआय नेमके कुठे वापरले जाते?

सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ ही संगणकप्रणाली नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू केली. इंग्रजीतील निकाल मराठीसह विविध भारतीय भाषांत आणण्यासाठी तिचा वापर होतो. त्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये ‘सुपेस’ आली. खटल्याच्या कागदपत्रांतून मुद्दे आणि संदर्भ शोधून न्यायाधीशांपुढे ठेवणे, हा तिचा हेतू होता. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठापुढील युक्तिवादाचे शब्दांकन प्रथमच एआयच्या साह्याने सुनावणी सुरू असतानाच पडद्यावर उमटले. ती सुनावणी महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाची होती.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-न्यायालये प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. ७,२१० कोटी रुपयांच्या या टप्प्यात एआय, ब्लॉकचेन अशा नव्या तंत्रज्ञानासाठी ५३.५७ कोटी रुपये ठेवले आहेत. एकूण खर्चाच्या एक टक्क्याहूनही हा वाटा कमी आहे.

भाषांतर, शब्दांकन आणि संदर्भशोध ही सगळी न्यायाधीशांच्या टेबलाभोवतीची कामे आहेत. तिथवर फारशी भीती नव्हती. पण सरकारी प्रणाली रुळण्याआधीच चॅटजीपीटीसारखी साधने वकील, पक्षकार, कर्मचारी आणि न्यायाधीश या सर्वांच्या मोबाइलवर आली. पहिले धक्के तिथून बसले.

यंत्र खोटे निवाडे का तयार करते?

चॅटजीपीटीसारखे साधन म्हणजे निवाड्यांचे कपाट नव्हे. प्रचंड मजकूर वाचून, एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, याचा अंदाज बांधत ते उत्तर रचते. निवाड्याचा उल्लेख करण्याची पद्धत ठरलेली असते : दोन पक्षकारांची नावे, वर्ष, खंड, पान क्रमांक. हा साचा यंत्राला चांगला पाठ असतो. त्या साच्यात बसणारी नावे आणि आकडे ते सहज भरते. वाचणाऱ्याला सगळे खरे वाटते. फक्त तो निवाडा कोणत्याही न्यायालयाने कधी दिलेला नसतो.

याचे जगभर गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कचे. एव्हियांका या विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात प्रवाशाच्या वकिलांनी अस्तित्वातच नसलेले सहा निवाडे सादर केले. ते चॅटजीपीटीने दिले होते. हे निवाडे खरे आहेत का, असेही वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारले होते आणि त्याने होकार दिला होता! जून २०२३ मध्ये न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी संबंधित वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून पाच हजार डॉलरचा दंड केला. दोन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, लंडनच्या उच्च न्यायालयापुढे अशीच प्रकरणे आली. त्यातील एकात उल्लेखलेल्या ४५ निवाड्यांपैकी १८ अस्तित्वातच नव्हते. असा प्रकार न्यायालयाचा अवमान ठरू शकतो, अशी तंबी त्या न्यायालयाने वकिलांना दिली.

भारतातील न्यायमूर्तींनीही हा धोका ओळखला आहे. सरन्यायाधीश होण्याआधी, मार्च २०२५ मध्ये, न्यायमूर्ती भूषण गवई यांनी नैरोबीतील परिषदेत बोलताना चॅटजीपीटीने बनावट निवाडे आणि कपोलकल्पित तपशील दिल्याच्या घटनांकडे लक्ष वेधले होते.

मुंबई उच्च न्यायालयापुढील प्रकरण काय होते?

खोटा निवाडा वकिलाने दिला, तर समोरचा वकील तो पकडू शकतो. आदेश देणाऱ्याच्या लेखणीतूनच तो उतरला तर? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाली काढलेले प्रकरण म्हणूनच महत्त्वाचे आहे. एका कंपनीने आपल्या विवरणपत्रात सुमारे ३ कोटी ९ लाख रुपये उत्पन्न दाखवले होते. आयकर विभागाने आकारणीत ते सुमारे २७ कोटी ९१ लाख रुपये ठरवले. त्या आदेशात ज्या न्यायनिवाड्यांचा आधार घेतला होता, त्यातील तीन अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले.

उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि आकारणी नव्याने करण्यास सांगितले. एआयच्या युगात यंत्रणेने पुढे केलेल्या उत्तरांवर विसंबण्याची सवय लागते. मात्र अर्धन्यायिक अधिकार वापरताना अशी उत्तरे आंधळेपणाने स्वीकारता येणार नाहीत, ती तपासूनच वापरली पाहिजेत, असे खंडपीठाने बजावले.

या प्रकरणातील कंपनीला उच्च न्यायालय परवडत होते. कायद्याची पुस्तके चाळून ‘हा निवाडा सापडत नाही’ असे सांगणारे वकील तिच्याकडे होते. पण अर्धन्यायिक आदेश रोज निघतात ते तहसील कार्यालयात, प्रांताधिकाऱ्यांपुढे, कामगार आणि ग्राहक यांच्या तंट्यांत. फेरफार नोंदीविरुद्ध स्वतःच अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याच्या आदेशात एखादा बनावट निवाडा आला, तर तो कोण पकडणार? खोट्या संदर्भाची सर्वाधिक किंमत, ज्याला तो तपासता येत नाही, त्यालाच मोजावी लागते.

न्यायाधीशांनीच चॅटजीपीटीला विचारले तर?

मार्च २०२३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात हे घडले. क्रूरतेने मारहाण झालेल्या प्रकरणात जामिनाबाबत जगभरात काय दृष्टिकोन आहे, असे न्यायमूर्ती अनूप चितकारा यांनी चॅटजीपीटीला विचारले आणि ते उत्तर आदेशात नोंदवले. हा संदर्भ केवळ व्यापक चित्र समजून घेण्यासाठी आहे, खटल्याच्या गुणदोषांवरील मत म्हणून त्याकडे पाहू नये, असेही त्यांनी आदेशातच स्पष्ट केले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वेगळ्या निमित्ताने भूमिका मांडली. ख्रिश्चन लुबुताँ या पादत्राणांच्या ब्रँडच्या दाव्यात आपल्या उत्पादनाची ख्याती दाखवण्यासाठी चॅटजीपीटीचे उत्तर सादर करण्यात आले होते. न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी ते आधार म्हणून स्वीकारले नाही. यंत्राचे उत्तर प्रश्न कसा विचारला, त्याला कोणता मजकूर शिकवला, यावर बदलते. प्राथमिक माहितीपुरते ते ठीक. कायद्याचा किंवा वस्तुस्थितीचा निर्णय त्यावर होऊ शकत नाही, असे त्यांनी म्हटले.

या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट चांगली झाली. यंत्राचा वापर उघडपणे नोंदला गेला, म्हणून त्यावर चर्चा करता आली. खरी काळजी, जिथे यंत्र वापरले पण आदेशात त्याचा मागमूसही नाही, तिथे आहे. निकाल विरोधात गेलेल्या पक्षकाराला न्यायाधीशांची कारणे मान्य नसतील तर तो त्यांवर बोट ठेवून अपील करतो. ती कारणे मुळात न्यायाधीशांची होती की यंत्राने लिहून दिलेली, हेच माहीत नसेल तर त्याने बोट ठेवायचे कुठे?

आरोपीपासूनचा ‘धोका’ यंत्र मोजू शकते का?

अमेरिकेतील काही राज्यांत हा प्रयोग झाला. ‘कॉम्पास’ नावाची प्रणाली आरोपी पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता किती, याचे गुण देते. २०१६ मध्ये ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातील एका परगण्याच्या नोंदी तपासल्या. पुढे कोणताही गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांना ‘अधिक धोकादायक’ ठरवण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास दुप्पट आढळले. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने हा निष्कर्ष अमान्य केला. त्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका आरोपीने, हे गुण कसे काढले हेच आपल्याला कळत नाही, अशी तक्रार केली. गणिताची रीत कंपनीचे व्यापारी गुपित होती. न्यायालयाने प्रणालीचा वापर चालू ठेवला. मात्र केवळ या गुणांवर शिक्षा ठरवता येणार नाही, अशी मर्यादा घातली.

यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते, आणि जुन्या नोंदींत जुने पूर्वग्रह असतात. हे महाराष्ट्राला वेगळे समजावण्याची गरज नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की आधी पारधी वस्तीकडे वळणारी नजर संपली नाही. अशा संशयातून झालेल्या अटकांच्या नोंदी यंत्राला शिकवल्या, तर तोच संशय उद्या आकड्याच्या रूपात परत येईल. पोलिसाच्या पूर्वग्रहावर वकील उलटतपासणीत प्रश्न विचारू शकतो. शंभरपैकी ७८ गुणांची उलटतपासणी कशी करणार?

राज्य पोलिसांसाठी एआयची साधने विकसित करण्याकरिता महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. तपासाला त्याची मदत होऊ शकते. पण तपासात यंत्र वापरले गेले असेल, तर त्याचा ठसा दोषारोपपत्रावर आणि पुढे न्यायालयात उमटणारच. त्यामुळे न्यायाधीशांनी स्वतः एआयला हात लावला नाही, एवढ्याने प्रश्न सुटत नाही.

बनावट चित्रफितींच्या काळात पुराव्याचे काय?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग ते उपकरण हाताळणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात ‘हॅश’ म्हणजे त्या फाइलचा गणिती ठसा नोंदवावा लागतो. फाइलमध्ये नंतर एक अक्षर जरी बदलले, तरी हा ठसा बदलतो.

ही तरतूद उपयोगी आहे, पण तिची मर्यादा समजून घ्यायला हवी. नोंद झाल्यानंतर फाइलमध्ये फेरफार झाला नाही, एवढेच हॅश सांगतो. मुळात ती चित्रफीत कॅमेऱ्याने टिपली की एआयने रचली, हे तो सांगत नाही.

यातून दोन बाजूंनी अन्याय होऊ शकतो. बनावट ध्वनिफितीच्या आधारे कोणाला तरी अडकवले जाऊ शकते. त्याच वेळी घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीने जिवावर उदार होऊन केलेले खरे रेकॉर्डिंग ‘हे एआयने बनवले आहे’ एवढ्या एका वाक्याने संशयाच्या भोवऱ्यात ढकलले जाऊ शकते. ते खरे असल्याचे सिद्ध करायला तिला न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहावी लागेल, आणि तोवर तारखांवर तारखा पडत राहतील.

केरळने रेषा कुठे आखली?

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायपालिकेसाठी एआयच्या वापराचे धोरण जाहीर केले. देशातील असे हे पहिले धोरण मानले जाते. त्याचा गाभा स्पष्ट आहे : निष्कर्ष काढणे, दाद देणे, आदेश किंवा निकाल ठरवणे यासाठी एआय वापरायचे नाही. मंजूर साधनेच वापरायची. खटल्यातील माहिती चॅटजीपीटीसारख्या सेवांवर टाकायची नाही. यंत्राने केलेले भाषांतर न्यायाधीशांनी किंवा पात्र भाषांतरकाराने तपासायचे. कुठे कोणते साधन वापरले आणि ते कोणी तपासले, याची नोंद ठेवायची. धोरण मोडणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

याच उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५ पासून साक्षीदारांच्या जबान्या ‘अदालत एआय’ या साधनाने नोंदवण्याचे निर्देश आपल्या न्यायालयांना दिले. एका हाताने मनाई आणि दुसऱ्या हाताने सक्ती, असे वरवर वाटेल. प्रत्यक्षात यात विसंगती नाही. साक्षीदार काय बोलला, हे लिहून घेण्याचा भार यंत्राने वाहावा. तो खरे बोलला का, हे माणसाने ठरवावे. रेषा इथे आहे, आणि ती योग्य जागी आहे.

महाराष्ट्रात ही पद्धत आणताना भाषेकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. १९९८ च्या अधिसूचनेनुसार राज्यात जिल्हा आणि तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा मराठी आहे; उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीत चालते. म्हणजे मराठीत झालेली साक्ष अपिलात इंग्रजीत पोहोचते. शिवाय साक्षीदार बोलतात ती मराठी वऱ्हाडी असते, मालवणी असते, अहिराणीचा बाज असलेली असते. ‘त्यानं बांध कोरला’ म्हणजे शेजाऱ्याने हद्द सरकवून जमीन बळकावली, हे गावाकडच्या न्यायाधीशांना सांगावे लागत नाही. यंत्राने शब्दशः भाषांतर केले तर अतिक्रमणाची तक्रार खोदकामाची होऊन बसेल. म्हणून यंत्राने टिपलेली साक्ष साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवणे, हे उपचारापुरते उरता कामा नये.

पण खटल्यांचा डोंगर कसा उपसणार?

एआयच्या समर्थकांचा युक्तिवाद वजनदार आहे. देशात पाच कोटींहून अधिक खटले प्रलंबित आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार तुरुंगांतील ७५.८ टक्के कैदी कच्चे, म्हणजे ज्यांचा दोष अजून सिद्ध झालेला नाही असे होते. माणसेही चुकतात, थकतात, पूर्वग्रह बाळगतात. वर्षानुवर्षे सुनावणीच न होणाऱ्याला ‘माणसाने दिलेला न्याय’ हे शब्द पोकळ वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

म्हणूनच यंत्राला दारात अडवणे हे उत्तर नाही. दाखल झालेल्या कागदपत्रांतील त्रुटी शोधणे, एकाच मुद्द्याचे खटले एकत्र लावणे, जबान्या टंकलिखित करणे, जुन्या निकालांची भाषांतरे करणे यांत वाचलेला प्रत्येक तास सुनावणीला मिळू शकतो. लघुलेखक नाही म्हणून साक्ष पुढे ढकलली जाते, तिथे हा फरक मोठा असेल.

मात्र डोंगराचे मूळ कारण यंत्राचा अभाव नाही. विधि आयोगाने १९८७ मध्ये, आपल्या १२० व्या अहवालात, दर दहा लाख लोकसंख्येमागे न्यायाधीशांची संख्या ५० पर्यंत नेण्याची शिफारस केली होती. जवळपास चार दशकांनंतरही देशाने निम्मी मजल मारलेली नाही. रिकामी पदे न भरता एआयची खरेदी झाली, तर थकलेल्या न्यायाधीशापुढे तयार आदेशाचा मसुदा असेल आणि तो तपासायला वेळ नसेल. आयकराच्या प्रकरणात जे घडले, ते मग अपवाद राहणार नाही.

माणसाची चूक आणि यंत्राची चूक यांत एक मोठे अंतर आहे. न्यायाधीशांनी चूक केली, तर त्यांची कारणे निकालपत्रात लिहिलेली असतात. वरिष्ठ न्यायालय ती वाचते आणि खोडून काढते. यंत्राने अमुकच उत्तर का दिले, हे अनेकदा ते बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. कारण सांगण्याची ही जबाबदारी निघून गेली, तर न्यायालयात आणि खिडकीवर ‘सिस्टीममध्ये असेच दाखवते’ म्हणणाऱ्या कार्यालयात फरक उरणार नाही.

पक्षकाराच्या हातात काय असावे?

युरोपीय संघाचा ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेला एआय कायदा, न्यायाधीशांना वस्तुस्थिती आणि कायद्याचा अर्थ लावण्यास मदत करणाऱ्या प्रणालींना ‘उच्च जोखमी’च्या गटात टाकतो. भारतातही प्रत्येक उच्च न्यायालयाचे असे स्पष्ट नियम असायला हवेत, आणि ते केवळ न्यायालयीन कर्मचाऱ्यांसाठी नव्हे तर पक्षकारांना वाचता येतील असे, त्यांच्या भाषेत हवेत.

त्यात किमान तीन गोष्टी असाव्यात. आदेशात, साक्षीत किंवा भाषांतरात यंत्र वापरले असेल, तर तसे त्या कागदावर लिहिलेले असावे. ते तपासणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि सही त्याखाली असावी. भाषांतर चुकले, असे पक्षकाराला वाटले तर मूळ साक्षीचे ध्वनिमुद्रण विनाशुल्क मिळावे. यासाठी कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही. एक परिपत्रक पुरेसे आहे.

तोवर सामान्य माणसाला एवढे करता येईल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ पासून आपले हजारो निकाल ‘ई-एससीआर’ या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध केले आहेत. आपल्या प्रकरणात एखाद्या निवाड्याचा आधार घेतला गेला असेल, तर त्याचे नाव आणि वर्ष टाकून तो तिथे शोधता येतो. सापडला नाही म्हणजे तो खोटाच, असे नाही. तो उच्च न्यायालयाचाही असू शकतो. पण ‘हा निवाडा पूर्ण दाखवा’ असे वकिलाला किंवा अधिकाऱ्याला म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो निवाडा खरा असेल, तर दाखवायला फार वेळ लागू नये.